सोलापुरांतील आरोग्यरक्षणाच्या सनदा: मिल, विडी आणि घर

सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे सिद्धेश्वराचें देवालय, भुईकोट किल्ला आणि १९३० सालचा लष्करी कायदा या तीन गोष्टींकडे लेखणी आपोआप वळते. या तिन्हींवर पुष्कळ लिहून झालें आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस निराळ्याच विषयाचा विचार कर्तव्य आहे. येथील श्रमजीवी कुटुंबांस परवडेल अशा खर्चांत आजारापासून संरक्षण देण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत कोण मोजला गेला आणि कोण मोजणीबाहेर राहिला, हा तो विषय होय. सनदा-फर्मानांच्या अभ्यासकांस तो परका वाटूं नये. इनामाचा कागद हातीं आला कीं धनी कोण आणि हद्द कोठपर्यंत, हें आपण प्रथम पाहतों. येथेंही तेंच पाहावयाचें आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसनीय नांवाचा अध्याय आहे. कांपिल्य नगराजवळ गंगातीरीं पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास समजावितात कीं, भिन्न प्रकृतीचीं माणसें एकाच वेळीं रोगास बळी पडतात, कारण वायु, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांस समान असतात. भूमि नीरस होण्यापूर्वींच औषधी गोळा करून ठेवाव्या, असेंही ते शिष्यास बजावितात. तात्पर्य, प्रतिबंधाची कल्पना आमच्याकडे जुनीच आहे. तिचा खर्च कोणीं द्यावा, याचें गणित मात्र नवें. पेशव्यांच्या रोजनिशींत वैद्य-हकीमांस जमिनी लावून दिल्याच्या नोंदी आहेत. पण तो राजाश्रय होता, आणि राजाश्रयावर रयतेचा हक्क नसतो.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि ता. ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत पुढें काय घडलें तें वाचकांस विदित आहे. सोलापुरास त्याच सुमारास दुष्काळानें गांठलें होतें. माग बंद पडलेल्या विणकऱ्यांस काम मिळावें म्हणून टिळकांनीं येथें येऊन खटपट केली, ती १८९६ मधील. पोटांत अन्न नाहीं आणि दारांत साथ, अशा स्थितींत टोचणीचा दाखला ही मोठी वस्तु ठरली. ज्यापाशीं तो असे त्यास विलगीकरणाच्या जाचांतून सूट मिळे. हा दाखला म्हणजे रोगप्रतिबंधाबद्दल रयतेस मिळालेली एक सनदच होय, असें आम्ही समजतों. तो नांवानिशीं असे आणि तो घेणारा कोठें काम करतो, हें त्यांत पाहिलें जात नसे. पुढील विवेचनासाठीं हा मुद्दा ध्यानांत ठेवावा.

१८७७ सालीं जुनी मिल सुरू झाली. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णु या मिल उभ्या राहिल्या. मिलवाल्यांनीं दवाखाने चालविले, पाळणाघरें काढलीं. त्यांत दया किती आणि हिशेब किती, हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. दवाखान्याची हद्द मिलच्या फाटकाशीं संपत असे, एवढेंच नमूद करतों. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूतिलाभाचा कायदा झाला. हिंदुस्थानांत या विषयावरील तो पहिलाच. रा. आसवले यांनीं तें विधेयक मांडलें होतें. त्यावरील चर्चेंत डॉ. आंबेडकर यांनीं १९२८ सालींच सांगितलें कीं, या खर्चाचा मोठा भाग वास्तविक सरकारनें उचलला पाहिजे. तें ऐकिलें गेलें नाहीं. खर्च कारखानदारावर पडला, म्हणून लाभही कारखान्यांतल्या बाईपुरताच राहिला.

यापुढचा टप्पा प्रा. बी. पी. आडारकर यांच्या अहवालाचा. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम त्यांच्याकडे १९४३ सालीं सोंपविण्यांत आलें आणि १९४४ सालीं त्यांनीं अहवाल दिला. त्यांतून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला, ता. २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजनेस आरंभ झाला. मजूर व मालक दोघांनीं थोडी थोडी वर्गणी द्यावी, आजारपणांत औषध आणि रोख रक्कम दोन्ही मिळावीं, ही कल्पना उत्तम होती. परंतु मूळ कायद्यांतील ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्या पाहावी. यंत्रशक्ति हवी आणि एका आवारांत वीस माणसें हवीं. विमेकऱ्याच्या कुटुंबास औषधोपचार देण्याची मुभा होती, सक्ति नव्हती.

ही व्याख्या मुंबईस चालण्यासारखी होती. सोलापुरास ती कशी लागूं पडावी? येथील पूर्वभागांत तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा माग घरांतच. बाप विणतो, आई कांड्या भरते, आजी सूत उकलते. वीस माणसें एका छपराखालीं नाहींत, पण वीस घरें एका बोळांत आहेत. शिवाय मिलचा आधारही शाश्वत नव्हता. १९४९ च्या ऑगस्टांत जुनी मिल बंद पडली. ती सरकारच्या ताब्यांत घेण्यासाठीं १९५० सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्याचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घटनेचे अभ्यासक ते खटले मालमत्तेच्या हक्कासाठीं वाचतात. आम्हांस त्यांत दुसरी गोष्ट दिसते. जें संरक्षण मिलच्या हजेरीपटावर अवलंबून, तें मिलबरोबर बुडणार.

विडीची कथा याहून बिकट आहे. तेंदूचीं पानें व तंबाखू कारखान्याच्या ब्रँचमधून आणावयाचा, घरीं बसून विड्या वळावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या, असा हा धंदा. तो जवळजवळ सर्वस्वी बायकांचा. तंबाखूची भुकटी बाईच्या छातींत जाते तशी शेजारीं निजलेल्या तान्ह्या मुलाच्याही जाते. चरकोक्त ‘देश’ व ‘वायु’ येथें घर आणि कामाची जागा यांत भेद ठेवीत नाहींत. कायदा ठेवीत होता. आमच्या शाळेच्या दाखल-खारीज वहींतसुद्धां अशा मुलांच्या आईचा धंदा ‘घरकाम’ असाच लिहिला जाई. लिहिणारास तें खोटें वाटत नसे.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानें घरीं काम करणारणीस प्रथम कामगार म्हटलें. १९७६ सालीं दोन कायदे झाले. एकानें उपकर बसविला, दुसऱ्यानें त्यांतून कल्याण निधि उभारला. उपकर आधीं तंबाखूवर होता, पुढें तयार विड्यांच्या हजारावर आला. त्या निधींतून दवाखाने चालले आणि ओळखपत्र दाखविणाऱ्या बाईच्या कुटुंबासही उपचार मिळूं लागला. विडी ओढणारानें विडी वळणारीच्या औषधाचा खर्च द्यावा, हा न्याय आम्हांस फार मार्मिक वाटतो. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला, तेव्हां हा उपकर रद्द झाला. दवाखाने अर्थसंकल्पाच्या मर्जीवर आले, म्हणजे पुन्हां राजाश्रय! मध्यंतरीं २००६ सालीं कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांस दहा हजार घरें मिळालीं. तीही आमच्या मतें आरोग्याचीच योजना.

ता. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यांतील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतें. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचें नांव आहे. तिनें हजेरीपट बाजूस सारून शिधापत्रिका पाहिली. पिवळी किंवा केशरी असली कीं सबंध कुटुंब आंत. प्लेगच्या दाखल्याप्रमाणें येथेंही धंदा न विचारतां सनद मिळाली, आणि तीही साऱ्या कुटुंबास. वर्षास दीड लाखांपर्यंतचे उपचार विनामूल्य होते. पुढें ही मर्यादा पांच लाखांवर नेली. पण हे उपचार मुख्यतः रुग्णालयांत दाखल झाल्यावरचे, शस्त्रक्रियेचे. बाई खोकत असतां तिला कोणी तपासीत नाहीं. छाती निकामी झाली म्हणजे पैसे मंजूर होतात. धनी सांपडला तो असा. मात्र इनामांतून प्रतिबंध वगळला गेला. तो महानगरपालिकेच्या पाण्यावर, नाल्यांवर व लसीकरणावर राहिला. हिपरग्याचा एकरूख तलाव १८७१ सालीं पुरा झाला त्यास दीडशें वर्षें होऊन गेलीं, तरी या शतकांतही कित्येक वर्षें शहरास रोज पाणी मिळालें नाहीं.

१९४८ चा कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहितेंत विलीन झाला असून ती ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आहे. म्हणजे जुन्या योजनांचे कागद यापुढें रद्दी ठरणार. आमच्या संग्राहक मित्रांस विनंति अशी कीं, प्लेगच्या टोचणीचे दाखले, मिलच्या दवाखान्यांच्या वह्या, विमेकऱ्यांचीं कार्डें, विडी कामगारांचीं ओळखपत्रें व मजुरीचीं पुस्तकें यांपैकीं जें हातीं लागेल तें मोडींतल्या कागदाइतकेंच जपावें. पूर्वभागांतील घरांत तीं बहुधा शिधापत्रिकेबरोबर एकाच पिशवींत बांधलेलीं असतात. मंडळाकडे पाठवितांना पिशवी जशीच्या तशी पाठवावी, कागद वेगळे करूं नयेत. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं ठेविला होता, हेंही पुढील अभ्यासकास उपयोगी पडेल.