धुक्यातील टकरी आणि रडारचे वाचन

समुद्रावर धुके उतरले की जहाजाच्या कप्तानाला शतकानुशतके तीनच गोष्टी करता येत : वेग कमी करणे, ठरावीक अंतराने भोंगा वाजवणे आणि कान देऊन ऐकणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियम आकाराला आले, तेव्हा याच तीन गोष्टींना कायद्याचे रूप मिळाले. समोरून भोंगा ऐकू आला आणि दुसऱ्या जहाजाचा ठावठिकाणा कळत नसला तर इंजिन थांबवावे, असे बंधन आले. पण धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते. शिवाय प्रवासी जहाजांची वेळापत्रके धुक्यासाठी थांबत नसत. हा पेच रेडिओलहरींनी सुटेल, ही कल्पना बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बरीच जुनी आहे.

१९०४ साली ड्युसेलडॉर्फच्या क्रिस्टियान ह्युल्समायर या तरुण संशोधकाने 'टेलिमोबिलोस्कोप' नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात कोलोन येथे ऱ्हाईन नदीवरील पुलापाशी त्याने यंत्राचे प्रात्यक्षिक केले. ठिणगीतून निघालेल्या लहरी नदीतील बोटीवर आदळून परत आल्या की घंटा वाजे. जूनमध्ये रॉटरडॅमच्या बंदरात जहाजमालकांपुढे पुन्हा प्रयोग झाला. सुमारे तीन किलोमीटरवरील जहाज ओळखता येई, पण ते किती दूर आहे हे यंत्र थेट सांगू शकत नव्हते. जहाज कंपन्यांनी रस दाखवला नाही, जर्मन नौदलानेही नकार दिला. यंत्र खरोखर काम करत होते हे पाहता या नकाराला दूरदृष्टीचा अभाव म्हणावे लागते. अर्थात केवळ 'समोर काहीतरी आहे' एवढे सांगणाऱ्या घंटेचा कप्तानाला कितपत उपयोग झाला असता, ही शंकाही रास्त आहे. रडारच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. यंत्राला दिसले, पण माणसाला कळले काय?

१९३५ मध्ये 'नॉर्मंडी' या फ्रेंच प्रवासी जहाजावर सुमारे १६ सेंटिमीटर तरंगलांबीचे अडथळाशोधक यंत्र बसवले गेले. त्याची शक्ती फारच थोडी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ विमानावरून परावर्तित झालेल्या लहरी पकडून दाखवल्या आणि रडार हे युद्धाचे साधन बनले. जहाजाच्या दृष्टीने निर्णायक शोध मात्र २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात लागला. जॉन रँडल आणि हॅरी बूट यांच्या पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉनने त्या दिवशी सुमारे १० सेंटिमीटरच्या लहरी पूर्वी कधी न मिळालेल्या शक्तीने निर्माण केल्या. तरंगलांबी जितकी आखूड, तितक्या लहान अँटेनाने अरुंद झोत मिळतो, आणि अरुंद झोताशिवाय दिशा नेमकी कळत नाही. कित्येक मीटर लांबीच्या लहरींना किनाऱ्यावर उंच मनोरे लागत. आता तेच काम डोलकाठीवर फिरणाऱ्या छोट्या अँटेनाने होऊ लागले. १९४१ मध्ये 'ऑर्किस' या ब्रिटिश युद्धनौकेवरील अशा यंत्राने पाण्यावर आलेली पाणबुडी टिपली.

युद्ध संपले आणि हे तंत्र व्यापारी जहाजांना खुले झाले. १९४० च्या दशकाअखेर केल्विन ह्यूज, डेक्का, रेथिऑन अशा कंपन्यांचे संच बाजारात आले. १९४८ मध्ये लिव्हरपूल बंदराने किनाऱ्यावरच रडार उभारले आणि धुक्यात जहाजांना मार्गदर्शन सुरू केले. संच विकत घेणे सोपे होते. त्यासोबत युद्धनौकेवरील शिस्त मात्र आली नाही. तिथे पडद्यापुढे केवळ त्याच कामासाठी तयार झालेला माणूस बसे आणि नोंदी घेण्यासाठी दुसरा असे. व्यापारी जहाजाच्या ब्रिजवर रात्री एकच अधिकारी असायचा. समुद्रावर नजर ठेवणे, सुकाण्यावरील खलाशाला हुकूम देणे, नकाशात स्थान मांडणे हे सगळे सांभाळून तो अधूनमधून रबरी झापडीत तोंड घालून पडदा बघे. बाहेर आला की डोळ्यांना अंधाराची पुन्हा सवय व्हायला काही मिनिटे जात.

त्यातच पडद्यावरचे चित्र दिसते तसे नसते. त्या काळच्या पडद्यावर स्वतःचे जहाज मध्यबिंदूवर स्थिर राही आणि बाकीचे जग त्याच्याभोवती सरके. समजा, जहाज २० नॉट वेगाने उत्तरेला जात आहे. नेमक्या समोर ८ सागरी मैलांवर एक ठिपका उमटला आणि सहा मिनिटांनी तो ६ मैलांवर आला. नवख्याला वाटेल की समोरून जहाज येत आहे. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणून २ मैलांना दहाने गुणले की सापेक्ष वेग २० नॉट निघतो. हा वेग पूर्णपणे स्वतःच्याच जहाजाचा आहे. ठिपका जागचा हललेला नाही. तो नांगरलेला बोया असेल किंवा थांबलेली मच्छीमार बोट असेल. उलट, बरोबरीने त्याच दिशेने चाललेले जहाज पडद्यावर गोठल्यासारखे दिसते. दुसऱ्या जहाजाची खरी दिशा आणि वेग कळण्यासाठी दर काही मिनिटांनी ठिपक्याचे स्थान कागदावर मांडून त्यातून स्वतःची गती वजा करावी लागते. या कामाला प्लॉटिंग म्हणतात. दिशेतील चूक आणखी छळते : १० मैलांवर फक्त २ अंशांची चूक म्हणजे आडव्या अंतरात सुमारे ६५० मीटरची चूक. दोन जहाजे एकमेकांना टाळून जातील की आदळतील, हे बऱ्याचदा एवढ्या अंतरावरच ठरते.

धोक्याची जाणीव नियमकर्त्यांना लवकर झाली. १९४८ च्या लंडन परिषदेने नोंदवून ठेवले की, रडार बाळगल्याने कप्तान धुक्याच्या नियमांतून मुक्त होत नाही, वेग मर्यादित ठेवण्याचे बंधन कायमच राहते. कागदावर हे स्पष्ट होते. प्रत्यक्षात रडारमुळे जहाजे धुक्यात पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली. न्यायालयांपुढे येणाऱ्या टकरींच्या खटल्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली : दोन्ही जहाजांवर रडार चालू होते, दोघांनीही एकमेकांना बरेच आधी पाहिले होते, तरी ती आदळली. अशा अपघातांना 'रडारच्या मदतीने झालेल्या टकरी' असे उपरोधाचे नावही पडले.

२५ जुलै १९५६ च्या रात्रीची टक्कर यातली सर्वांत गाजलेली. जिनोआहून न्यूयॉर्ककडे येणारे 'आंद्रेआ दोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज नँटकेट दीपनौकेच्या परिसरात दाट धुक्यात होते. त्याचा वेग २३ वरून २१.८ नॉटवर आणला होता, म्हणजे नावापुरताच कमी केला होता. न्यूयॉर्कहून निघालेले स्वीडिश 'स्टॉकहोम' १८ नॉटने समोरून येत होते. त्याच्या बाजूला आभाळ मोकळे होते आणि पुढे धुक्याची भिंत आहे याची ब्रिजवर कल्पना नव्हती. 'दोरिया'ने समोरचा ठिपका १७ मैलांवर पाहिला, 'स्टॉकहोम'ने १० ते १२ मैलांवर. दोघांचा एकत्रित वेग जवळजवळ ४० नॉट होता, म्हणजे दर दीड मिनिटाला अंतर एका मैलाने घटत होते.

'दोरिया'वर कप्तान पिएरो कालामाय स्वतः हजर होते. ठिपका नाळेच्या किंचित उजवीकडे दिसत होता. त्यांनी अंदाज केला की ते जहाज उजव्या बाजूने निघून जाईल. प्लॉटिंग केले नाही. अंतर थोडे वाढावे म्हणून जहाज फक्त ४ अंश डावीकडे वळवले. 'स्टॉकहोम'वर पहाऱ्यावर असलेल्या तिसऱ्या अधिकाऱ्याने प्लॉटिंग केले होते. त्याच्या पडद्यावर समोरचे जहाज डावीकडे होते, म्हणून रिवाजाप्रमाणे डावी बाजू डावीला देऊन जाण्याच्या इराद्याने त्याने उजवीकडे वळण घेतले. एकाच परिस्थितीची दोन चित्रे दोन ब्रिजवर तयार झाली होती आणि दोन्ही उपाय दोघांना एकमेकांकडे नेणारे होते. 'स्टॉकहोम'चा सुकाणू धरणारा खलाशी जहाजाची दिशा काही अंश इकडेतिकडे भरकटू देत असल्याची बाब चौकशीत आली. त्या काळच्या पडद्यावर असे भरकटणे थेट दिशेच्या मोजमापात शिरते. पडद्याची अंतर-मर्यादा १५ मैलांवर आहे असे समजून वाचन झाले, पण ती प्रत्यक्षात ५ मैलांवर होती, असा तर्कही पुढे काही अभ्यासकांनी मांडला. तो सिद्ध झालेला नाही. दिवे दिसले तेव्हा मिनिट-दोन मिनिटेच हाती होती. 'दोरिया' पूर्ण डावीकडे वळले, 'स्टॉकहोम' पूर्ण उजवीकडे, आणि रात्री अकराच्या सुमारास 'स्टॉकहोम'ची बर्फासाठी मजबूत केलेली नाळ 'दोरिया'च्या उजव्या कुशीत घुसली. 'दोरिया'वरील १,७०६ जणांपैकी ४६ आणि 'स्टॉकहोम'वरील ५ जण मृत्युमुखी पडले. बाकीच्यांना मदतीला धावलेल्या 'इल द फ्रान्स' आणि इतर जहाजांनी वाचवले. 'दोरिया' दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. कंपन्यांनी न्यायालयाबाहेर तडजोड केल्याने दोष कोणाचा किती, याचा निकाल कधीच लागला नाही. नौकानयन शिकणाऱ्यांचे मात्र त्यामुळे काही अडले नाही. वेग, प्लॉटिंगचा अभाव, अगदी लहान वळण आणि गृहीतकावर विसंबणे, हे चारही दोष उघड होते.

१९६० च्या परिषदेने टक्कर-नियमांना रडारच्या वापराविषयी वेगळे परिशिष्ट जोडले. ते १९६५ पासून लागू झाले. अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढणे घातक आहे, आणि वळायचे तर वेळेत व समोरच्याला पडद्यावर स्पष्ट दिसेल इतके मोठे वळण घ्यावे, असा त्याचा गाभा. १९७२ च्या नियमांत हेच मूळ मजकुरात आले. ते १५ जुलै १९७७ पासून अमलात आहेत. सुरक्षित वेग ठरवताना रडारच्या मर्यादाही विचारात घ्याव्या लागतात. चालू स्थितीतील रडार योग्य रीतीने वापरणे बंधनकारक झाले. त्यात दूरच्या मर्यादेवर आधीच शोध घेणे आणि प्लॉटिंग किंवा त्याच तोडीचे पद्धतशीर निरीक्षण हे दोन्ही येते. एकोणिसाव्या नियमाने, धुक्यात पुढच्या बाजूला असलेल्या जहाजासाठी डावीकडे वळणे शक्यतो टाळावे, असे सांगितले. अपवाद फक्त मागे टाकल्या जाणाऱ्या जहाजाचा. 'दोरिया'चे ४ अंशांचे वळण या नियमांप्रमाणे दोन प्रकारे चुकीचे ठरते : ते डावीकडे होते आणि फार लहान होते.

यंत्रेही बदलली. होकायंत्राला जोडलेला, उत्तर वर ठेवणारा पडदा आला, त्यामुळे जहाज भरकटले तरी ठिपके पुसट होईनात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात खरी गती दाखवणारे संच आले, ज्यांवर स्वतःचे जहाजही पडद्यावर सरकते. १९७० च्या सुमारास प्लॉटिंग संगणकाकडे गेले. १९७६ मध्ये नँटकेटजवळच्याच उथळ भागात 'आर्गो मर्चंट' हे तेलवाहू जहाज रुतले, तेव्हा अमेरिकेने अशा यंत्रणांचा आग्रह धरला. १९७९ मध्ये 'आर्पा' या स्वयंचलित प्लॉटिंग यंत्रणेचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले : निवडलेल्या जहाजाच्या हालचालीचा कल एका मिनिटात आणि पक्का अंदाज तीन मिनिटांत मिळाला पाहिजे. त्या तीन मिनिटांत समोरचे जहाज वळले तर गणित नव्याने सुरू होते, आणि आधीचा आकडा तोवर पडद्यावर तसाच ठामपणे झळकत राहू शकतो. यंत्राला पुरवलेला स्वतःचा वेग चुकला, तर समोरच्याची काढलेली खरी दिशाही चुकते. म्हणूनच प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात १९९५ च्या दुरुस्तीने रडारचे शिक्षण सिम्युलेटरवर देणे सक्तीचे केले. मुंबईसह भारतभरच्या नौकानयन संस्थांत डेक अधिकारी 'रॅन्स्को' म्हणून ओळखतात तो अभ्यासक्रम याच मालिकेतला.

कोकण किनाऱ्याचा, म्हणजे लहान मच्छीमार बोटींचा, प्रश्न थोडा निराळा आहे. रडारसंबंधी आंतरराष्ट्रीय सक्ती ३०० टन क्षमतेच्या जहाजांपासून सुरू होते; ३,००० टनांपुढे दुसरा संचही लागतो. ३ सेंटिमीटरच्या लहरींत चित्र बारीक येते, पण पाऊस आणि उसळत्या लाटा पडदा भरून टाकतात. १० सेंटिमीटरच्या लहरी पावसातून सहज पार होतात, पण त्यांवर लहान वस्तू सुटते. लाटांचा कचरा घालवण्यासाठी नियंत्रक फिरवत नेला, तर त्या कचऱ्यासोबत लाकडी वा फायबरची बोटही पुसली जाते, कारण लाकूड आणि फायबर लहरी फार थोड्या परतवतात. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात ट्रॉलर बाहेर पडतात, तेव्हा मुंबईकडे येणाऱ्या मोठ्या जहाजाच्या पडद्यावर हीच स्थिती असते.

लहान बोटीवर स्वतःचे रडार असल्यास काही सवयी जपाव्या लागतात. अँटेना माणसांच्या डोक्यावरून झोत जाईल इतकी उंच हवी. डोलकाठीवर चढण्यापूर्वी संच बंद करून सुरू करण्याच्या कळीपाशी सूचना लावावी. वीज तोडली तरी मॅग्नेट्रॉनच्या विभागात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून झाकण उघडणे जाणकाराचेच काम. स्वच्छ दिवसात डोळ्यांना दिसणाऱ्या जहाजांशी पडद्यावरचे ठिपके ताडून पाहावेत. डोलकाठी किंवा केबिनमुळे कोणती दिशा झाकली जाते, हेही तेव्हाच कळते. ज्या तांडेलाकडे रडार नाही, त्याने तीन काटकोनी धातूपत्र्यांचा परावर्तक शक्य तितक्या उंच बांधावा. तोही नसेल तर मोठ्या जहाजाच्या मार्गात जाळे टाकू नये.