ग्रेट स्लेव्ह लेक : शत्रूच्या तोंडून नकाशावर आलेले नाव

१. कॅनडाच्या उत्तरेस, नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात, ग्रेट स्लेव्ह लेक नावाचे गोड्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. ‘स्लेव्ह’ म्हणजे गुलाम. वास्तविक या किनाऱ्यावर ना उसाचे मळे होते, ना कापसाचे. मग सरोवराच्या नावात गुलाम आले कोठून?

२. प्रथम भूगोल पाहू. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे २७,००० चौरस किलोमीटर. पश्चिम भाग मैदानी आणि तुलनेने उथळ. पूर्वेकडील फाटा मात्र कठीण, प्राचीन खडकात हिमनद्यांनी खोल कोरलेला. तेथे खोली ६१४ मीटरपर्यंत जाते. उत्तर अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. दक्षिणेकडून स्लेव्ह नदी येथे येऊन मिळते आणि पश्चिम टोकातून मॅकेन्झी नदी निघून आर्क्टिक महासागराकडे जाते.

३. हा डेने लोकांचा प्रदेश. ‘डेने’ म्हणजे माणसे. त्यांच्या निरनिराळ्या भाषांत सरोवराला ‘टू नेधे’, ‘तुचो’ अशी नावे आहेत. दोन्हींचा अर्थ साधा आहे : मोठे पाणी. या नावांत गुलामगिरीचा मागमूसही नाही.

४. ‘गुलाम’ हा शब्द आला दक्षिणेकडील क्री लोकांकडून. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीच्या वखारी हडसन उपसागराच्या काठी, क्री मुलखात उभ्या राहिल्या. फरच्या बदल्यात बंदुका मिळू लागल्या आणि त्या प्रथम क्रींच्या हाती पडल्या. शेजारच्या डेने टोळ्यांवर छापे पडू लागले. पराभूत शेजाऱ्यांना क्री ज्या नावाने हिणवत, त्याचा अर्थ ‘बंदिवान’ किंवा ‘गुलाम’ असा होता.

५. या शब्दामागील वास्तव थानाडेल्थर या डेने तरुणीच्या आयुष्यात दिसते. १७१३ मध्ये क्रींनी तिला पकडून नेले. पुढच्या वर्षी ती निसटली आणि कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी या वखारीत पोहोचली. १७१५-१६ मध्ये तिनेच मध्यस्थी करून क्री आणि डेने यांच्यात तह घडवून आणला. १७१७ च्या आरंभी तिचा मृत्यू झाला.

६. डिसेंबर १७७१ मध्ये सॅम्युएल हर्न हा कंपनीचा नोकर सरोवरापाशी पोहोचला. हे सरोवर पाहून त्याची नोंद करणारा तो पहिला युरोपीय. त्याचा वाटाड्या मातोनाबी हा डेने होता. तरीही हर्नने लिहून ठेवलेले ‘अथापुस्को’ हे नाव क्री भाषेतलेच. वाट डेने माणसाने दाखवली, पण नाव मात्र क्री भाषेतले लागले. कारण कंपनीचा व्यापार प्रथम क्रींशी जुळला आणि दूरच्या प्रदेशांची माहितीही त्यांच्याच शब्दांतून येत राहिली.

७. १७८९ मध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी हेच सरोवर ओलांडून उत्तरेकडे गेला. जूनमध्येही बर्फाने त्याची वाट अडवली होती. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने या नावाचा उलगडा केला आहे : क्रींनी या लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावले, ‘स्लेव्ह’ हा शब्द दास्याचा नव्हे, तर तिरस्काराचा निदर्शक होता.

८. म्हणजे अर्थ ठाऊक असूनही तोच शब्द पुढे चालू राहिला. फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरांत त्यातील स्थानिक वैराचा संदर्भ गळून पडला आणि केवळ ‘गुलाम’ उरला. दक्षिणेस, आजच्या अल्बर्टा प्रांतात, ‘लेसर स्लेव्ह लेक’ आहे. त्या धाकट्याच्या तुलनेत हे थोरले, म्हणून ‘ग्रेट’.

९. या प्रदेशात जुनी नावे परत आल्याची उदाहरणे आहेत. सरोवराच्या पूर्व फाट्यावरील स्नोड्रिफ्ट हे गाव १९९२ मध्ये लुत्सेल के झाले. मॅकेन्झी नदीकाठचे फोर्ट नॉर्मन १९९६ मध्ये तुलिता झाले. सरोवराचेही नाव बदलावे अशी मागणी डेने समाजातून होत आली आहे. गावाचे नाव त्या गावाला ठरवता येते. सरोवराच्या काठी मात्र अनेक डेने समूह राहतात आणि प्रत्येकाचे स्वतःचे नाव आहे.

१०. नकाशावरील नाव तेथील रहिवाशांनीच दिले असेल, असे आपण सहज गृहीत धरतो. येथे ते रहिवाशांच्या शत्रूने दिले, व्यापाऱ्यांनी भाषांतरित केले आणि छापील नकाशांनी कायम केले. म्हणून कोणत्याही स्थलनामाचा अर्थ शोधताना ते नाव कोणाच्या तोंडून नोंदले गेले, हेही पाहावे लागते.