संततिनियमन, ख्रिस्ती विवाहातील

वैवाहिक जीवनातील संततिनियमनाविषयी ख्रिस्ती पंथांनी घेतलेल्या भूमिका. बायबलमध्ये यासंबंधी थेट आज्ञा नाही. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायातील ओनानची कथा निषेधाला आधार म्हणून सांगितली जाई. मात्र त्याला शासन झाले ते वीर्य वाया घालवल्याबद्दल की मृत भावाचा वंश चालवण्याचे टाळल्याबद्दल, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. संत ऑगस्टीनपासून ल्यूथर, कॅल्व्हिनपर्यंत सूर निषेधाचाच होता.

प्रॉटेस्टंट : अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९०८ व १९२० मध्ये कृत्रिम साधने त्याज्य ठरवली. १९३० मध्ये १५व्या ठरावाने (१९३ विरुद्ध ६७ मते) संयमाला प्राधान्य कायम ठेवून, सबळ नैतिक कारण असल्यास इतर उपायांना मुभा दिली. स्वार्थ, चैन किंवा निव्वळ सोय ही कारणे अमान्य केली. ठराव सावध असला, तरी खरे वळण हेच. तत्पूर्वी मुंबईत र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये मिशनरी विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले होते.

ऑर्थोडॉक्स : भूमिका एकसारखी नाही.

कॅथलिक : लँबेथच्या ठरावानंतर काही महिन्यांतच, ३१ डिसेंबर १९३० रोजी, पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबिई’ या परिपत्रकात निषेधाचा पुनरुच्चार केला. बारावे पायस यांनी १९५१ मध्ये इटलीतील सुइणींपुढील भाषणात, गंभीर कारण असल्यास स्त्रीच्या अफलनकाळाचा आधार घेणे मान्य केले. गर्भनिरोधक गोळी आल्यावर तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये आयोग नेमला. सहावे पॉल यांनी त्याचा विस्तार केला. त्यात विवाहित दांपत्येही होती आणि मुंबईचे कार्डिनल व्हलेरियन ग्रेशसही. १९६६ मध्ये बहुमताचा कौल बदलाच्या बाजूने पडला. पोपनी तो स्वीकारला नाही. त्यांच्या २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकानुसार पतिपत्नींचे ऐक्य व प्रजनन हे शरीरसंबंधाचे दोन अर्थ माणसाने विलग करू नयेत. मुलांची संख्या दांपत्याने विवेकाने ठरवावी, हे चर्चला मान्यच आहे. वाद साधनांचा आहे. आजारावरील उपचारामुळे ओघाने येणारे वंध्यत्वही निषिद्ध नाही. कॅनडा व जर्मनीच्या बिशपांनी त्याच वर्षी निवेदने काढून सदसद्विवेकाला वाव ठेवला. पुढील पोपनी शिकवण बदलली नाही. भारतातील शासकीय कार्यक्रमाचा मुख्य आधार असलेली नसबंदी ‘हुमाने व्हिते’च्या १४व्या परिच्छेदानुसार वर्ज्य आहे.