जिवाणूंचा बचाव, आपला कच्चा माल

चांदी जिवाणूंना मारते. जखमेच्या मलमात आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये ती त्यासाठीच वापरतात. मग चांदीच्या खाणीत जिवाणू जगतात कसे?

१९९९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी खाणीत सापडलेल्या 'स्युडोमोनास स्टुट्झेरी' या जिवाणूवर एक निबंध प्रसिद्ध केला. चांदीच्या क्षारात वाढवल्यावर या जिवाणूने पेशीच्या टोकांशी चांदीचे स्फटिक साठवले होते. त्यातले काही २०० नॅनोमीटरपर्यंतचे होते. विरघळलेल्या चांदीचा आयन घातक असतो. त्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला की तो साध्या, न विरघळणाऱ्या चांदीत बदलतो. जिवाणूसाठी हा जीव वाचवण्याचा मार्ग. आपल्या हाती मात्र नॅनोकण येतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी याच सुमारास बुरशीकडे वळले होते. २००१ साली त्यांनी 'व्हर्टिसिलियम' बुरशीच्या पेशींत नॅनोकण तयार झाल्याचं दाखवलं. पण पेशीच्या आत अडकलेला कण बाहेर काढायचा तर पेशी फोडावी लागते. पुढे 'फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम'ने ही अडचण सोडवली, कारण तिच्यामुळे कण पेशीबाहेरच तयार होत होते. विदर्भातल्या शेतकऱ्याला ही बुरशी वेगळ्या कारणाने माहीत आहे. हरभऱ्यावर मर रोग येतो तो तिच्याच एका प्रकारामुळे.

२००३ साली याच गटाने 'थर्मोमोनोस्पोरा' वापरून पेशीबाहेर सोन्याचे कण मिळवले, सरासरी ८ नॅनोमीटरचे. हा ॲक्टिनोमायसीट, म्हणजे जिवाणूच. आपल्याकडे अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने या क्षेत्रात बरंच काम केलं. चांदीचे नॅनोकण जंतुनाशक म्हणून कसे वापरता येतील, याचा २००९ सालचा त्यांचा आढावा जगभर वाचला गेला.

या इतिहासात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फ्लास्कमध्ये टाकलेलं सोनं-चांदी प्रदूषण नव्हतं. ते बाटलीतून मोजून घेतलेले शुद्ध क्षार होते. सूक्ष्मजीव धातूचं विष उतरवतात हे खरं, ते नॅनोकण बनवतात हेही खरं. पण म्हणून कारखान्याच्या घाण पाण्यातून विकण्याजोगा माल निघेल, असं आपोआप ठरत नाही.

घाण पाण्याचा प्रश्न थेट हाती घेतला तो तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने. 'डायनोकोकस रेडिओड्युरन्स' हा जिवाणू १९५६ साली अमेरिकेत सापडला. किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या डब्यातल्या मांसातही तो जिवंत होता. श्री कुमार आपटे आणि सहकाऱ्यांनी त्यात दुसऱ्या जिवाणूचं एक जनुक बसवलं. २००६ साली त्यांनी दाखवलं की हा बदललेला जिवाणू पातळ द्रावणातलं ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम ६ तासांत फॉस्फेटच्या रूपात खाली बसवतो. इथे उद्देश माल काढण्याचा नव्हता, पाणी स्वच्छ करण्याचा होता. तरीही असा जिवाणू उघड्यावर सोडता येत नाही. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांना १९८९ चे नियम लागू आहेत.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे. अशा कुठल्याही वसाहतीचं पाणी म्हणजे एका क्षाराचं द्रावण नसतं. त्यात रंग, साबण, आम्ल आणि अनेक धातू एकत्र असू शकतात, आणि प्रमाण रोज बदलतं. शिवाय धातू नष्ट होत नाही, फक्त रूप बदलतो. सहा संयुजेचा क्रोमियम तीन संयुजेचा झाला की विषारीपणा बराच कमी होतो, पण क्रोमियम गाळात राहतोच. काही जिवाणू पाऱ्याची वाफ करतात. पाणी सुटतं, हवा अडकते. चांदीचे कण गटारात गेले तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही ते त्रास देऊ शकतात.

म्हणून 'जिवाणूंनी धातूचं प्रदूषण संपवलं' अशी बातमी फोनवर आली की तीन प्रश्न विचारायचे. पाणी खरं होतं की प्रयोगशाळेत बनवलेलं? धातू शेवटी कुठे गेला? आणि तो गाळ कोण उचलणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधनिबंधात सापडतात. तिसऱ्याचं उत्तर गावाने मागायचं असतं.