जालना-औरंगाबादच्या माळावरील माळढोकाची शिकार

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, जालना आणि पश्चिमेकडील अहमदनगर यांच्या परिसरात पर्जन्यछायेतील मुरमाड जमिनीवर कुसळी गवत आणि तुरळक बोरी-बाभळी असलेले विस्तीर्ण माळ एकेकाळी होते, आणि या माळांवरचा सर्वांत मोठा पक्षी होता माळढोक. नराची उंची सुमारे एक मीटर आणि वजन पंधरा किलोपर्यंत भरत असल्याने खाण्यासाठी आणि मानासाठी अशा दोन्ही कारणांनी त्याची शिकार फार पूर्वीपासून होत आली. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या मांसाची मनापासून तारीफ केली आहे. इंग्रज अमदानीत जालना ही मोठी लष्करी छावणी होती. मद्रासच्या घोडदळाबरोबर १८३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे आलेला शल्यचिकित्सक टी. सी. जर्डन पुढे भारतीय पक्ष्यांचा अधिकारी अभ्यासक ठरला, आणि पावसाळ्यात माळढोकांचे पंचवीस व त्याहूनही मोठे थवे पाहिल्याची नोंद त्याने आपल्या ग्रंथात केली.

या पक्ष्याची शिकार सोपी नव्हती. आडोसा नसलेल्या सपाट जमिनीवर उंच मान करून उभा राहणारा माळढोक पायी येणाऱ्या माणसाला दुरूनच हेरतो आणि टप्प्याबाहेर निघून जातो. परंतु रोज शेतावर ये-जा करणाऱ्या बैलगाडीची त्याला सवय झालेली असे, आणि शिकाऱ्यांनी नेमका याच सवयीचा फायदा घेतला. गाडीवान गाडी थेट पक्ष्याच्या रोखाने न हाकता वाट तिरपी धरून अंतर हळूहळू कमी करी, आणि गाडीच्या आडून चालणारा शिकारी टप्पा जुळताच बार काढी. अशा मोकळ्या जागी रायफलीची चुकलेली गोळी मैलाहूनही दूर जाऊ शकते आणि माळावर गुराखी व त्यांची जनावरे असतात, हा धोका उघड होता; या दृष्टीने थोड्या अंतरावरच जोर ओसरणाऱ्या छर्र्याची बंदूक अधिक सुरक्षित होती, मात्र तिच्यासाठी पक्ष्याच्या बरेच जवळ जावे लागे. फासेपारध्यांची पद्धत याहून वेगळी होती. प्राण्यांच्या स्नायूंच्या किंवा केसांच्या दोरीचे फास बारीक खुंट्यांना बांधून ते पक्ष्यांच्या वाटेवर ओळीने मांडायचे, आणि शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने पक्ष्यांना न बुजवता तिकडे वळवायचे, या कामात बंदुकीपेक्षा पक्ष्याच्या वागणुकीचे ज्ञान महत्त्वाचे असे. हे ज्ञान जपणाऱ्या पारध्यांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला आणि साहेबांची शिकार मात्र मर्दानी खेळ म्हणून गौरवली गेली, हा त्या काळातील मोठा अन्याय होय.

नाशाचे प्रमाण कोणाच्या हातून वाढले, हे एका आकड्यावरून कळते: रॉबर्ट मॅन्सफिल्ड या एकट्या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर, घालते. त्यामुळे मारलेल्या पक्ष्यांची उणीव भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. अमेरिकेतील रानटर्की हाही मोठा पक्षी विसाव्या शतकाच्या आरंभी शिकार व जंगलतोडीमुळे जवळजवळ संपला होता, परंतु त्याची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. शिकारीवरील निर्बंध, पकडलेले पक्षी नव्या जंगलात सोडण्याचे प्रयत्न आणि बंदुका-काडतुसांवरील कराची रक्कम वन्यजीवांसाठी राखणारा १९३७ चा कायदा यांमुळे तो सावरला, आणि आज तेथे त्याची शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात होते. माळढोकाच्या बाबतीत अशा नियंत्रित शिकारीला वावच नव्हता, आणि म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घालून त्याच्या शिकारीवर पूर्ण बंदी आणली, हे योग्यच झाले.

बंदीने बंदूक थांबली, माळ मात्र वाचला नाही. महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदली गेलेली जमीन नांगराखाली, कालव्याखाली आणि वीजवाहिन्यांखाली जात राहिली. समोरच्या तारा या जड पक्ष्याला वेळेवर दिसत नाहीत आणि दिसल्या तरी त्याला चटकन वळता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील माळढोकांकडे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये तेथे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले; परंतु त्यात गावे, शेते आणि शहरांचे भागही आल्याने लोकांचा विरोध वाढला, आणि पुढे त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. कागदावर एवढे मोठे क्षेत्र आखण्याऐवजी प्रत्यक्ष गवताचे थोडे पट्टे आरंभीच राखले असते तर लोकांचा रोष टळला असता आणि पक्ष्याचाही अधिक लाभ झाला असता. आज देशात दीडशेहून कमी माळढोक मोकळ्या रानात उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या आसपास आहेत.