तलाव, माणूस आणि पाणपक्षी

श्रोत्यांपुढे प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आम्ही पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य विडी कामगारांच्या मजुरीचे हिशेब मांडण्यात गेले. हजार विड्यांमागे किती, शंभर पुडे तेंदूपानामागे किती, हीच आमची गणिते. शाळा आम्ही लवकर सोडली. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री सभासद घरी गेल्यावर. तेव्हा गोंदिया शहराला खेटून असलेल्या मुर्रीत राहणाऱ्या या माणसाने बदके आणि सारस यांच्यावर का बोलावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे.

त्याचे उत्तर अर्जुनी-मोरगावकडच्या एका तलावाच्या पाळीवर सापडले. तेंदूपानाच्या हंगामात आम्ही त्या बाजूला गेलो होतो. दुपारची वेळ, सावलीला एक वृद्ध ढिवर जाळे दुरुस्त करीत बसले होते. तलावात पाणी बऱ्यापैकी होते. आम्ही सहज म्हणालो, "काका, यंदा मासोळी बरी असेल." ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, पानी आहे जी, पन तलाव कोठी आहे?" आम्ही ते कोडे समजून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे वाचन केल्यावर ध्यानात आले, की ज्या गोष्टीसाठी शास्त्रज्ञांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले, तीच त्या माणसाने एका वाक्यात सांगितली होती.

पाणपक्ष्यांविषयी आपला एक सार्वत्रिक समज आहे, की पाणी जितके खोल आणि जितके विस्तीर्ण, तितके पक्षी अधिक. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. तलवार बदक किंवा थापट्या हा सूर मारणारा पक्षी नव्हे. तो डोके पाण्यात आणि शेपूट आकाशाकडे करून चरतो. त्याची मान जेथपर्यंत पोचते तेथपर्यंतच त्याचे ताट. म्हणजे त्याला उथळ पाणी हवे आणि त्या पाण्यात मुळे, कंद व बी देणारी वनस्पती हवी. कमळपक्षी लांब बोटांनी तरंगत्या पानांवरून चालतो. पाने नाहीत तर त्याला जमीनच नाही. टिबुकली मात्र बुडी मारून खाते, तिला थोडी खोली चालते. तुतवार चिखलात चोच खुपसतो. म्हणून एकाच तलावात निरनिराळ्या खोलीच्या निरनिराळ्या वस्त्या असतात. त्यांतली सर्वांत दाट वस्ती काठच्या उथळ पट्ट्यात असते. हा पट्टा बिघडला की मध्ये समुद्राइतके पाणी असले तरी बहुतेक पक्ष्यांच्या लेखी तो तलाव ओसाडच. त्या वृद्धाचे म्हणणे हेच होते.

जगालाही ही गोष्ट उशिराच उमगली. पूर्वी पाणपक्ष्यांची मोजदाद बंदुकीने होई. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारी मंडळींनी एका दिवसात 4,273 पक्षी मारले. तो आकडा दगडावर कोरून ठेवलेला आहे. पुढे त्याच पाण्यावर डॉ. सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी पक्षी मारण्याऐवजी त्यांच्या पायांत कडी घालण्यास आरंभ केला. कोणता पक्षी कोठून येतो आणि कोठे जातो याचा पुरावा अशा कड्यांतून मिळत गेला. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधील रामसर गावी पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नावातच, 'विशेषतः पाणपक्ष्यांचे वसतिस्थान म्हणून' महत्त्वाच्या पाणथळी, असा उल्लेख आहे. भारत 1982 मध्ये त्या करारात सामील झाला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, त्या यादीत यायला मात्र पुढे कितीतरी वर्षे गेली.

परंतु भरतपूरची जी हकीकत आमच्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाच्या मनात घर करून बसली, ती 1982 सालची आहे. राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा आतील गुराचराई बंद करण्यात आली. म्हशी गवत खातात, तुडवतात, पक्ष्यांना त्रास देतात. तेव्हा त्या बाहेर काढल्या की पक्षी सुखी होतील, असा तर्क होता, आणि त्याला मोठ्या माणसांचा पाठिंबाही होता. आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसे ठार झाली. त्याच काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तेथील दहा वर्षांचा अभ्यास चालू होता, डॉ. व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते. म्हशी गेल्यावर काय झाले, ते या अभ्यासात दिसून आले. पाण्यात वाढणारे एक गवत मोकाट सुटले, त्याने उथळ पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकला आणि बदकांना पोहायला, चरायला मोकळे पाणी उरेना. म्हशी हा त्या पाणथळीचा शत्रू नव्हता, तिचा एक मजूर होता! शास्त्राने आपली चूक शास्त्राच्याच मार्गाने शोधून काढली, ही त्याची थोरवी आम्ही मान्य करतो. मात्र अभ्यास पुरा होण्याच्या कितीतरी आधी गोळी सुटली होती, हेही विसरता येत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. 1 मे 1999 रोजी गोंदिया त्यातून वेगळा झाला, तेव्हा तलावांची वाटणी झाली आणि आपल्या वाट्यालाही उदंड आले. हे तलाव निसर्गनिर्मित नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. धान आणि ऊस ही त्यांची पिके, आणि पाणी अडवण्याची जागा नेमकी हेरणे ही त्यांची विद्या. नवेगाव बांध हा त्यांतला थोरला. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. लोकांनी या पाटलाला पुढे देवच केले. टोपलीने माती वाहणाऱ्यांची नावे मात्र कोणी देवळात ठेवली नाहीत. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत आणि सरकारी दप्तरात त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव आहे.

या तलावांची रचना पाहिली म्हणजे पक्षी येथे का आले ते कळते. एका बाजूला मातीची पाळ, तिच्यात पाणी सोडण्याचे तुडूम, आणि समोरच्या बाजूला हळूहळू चढत जाणारी जमीन. पाळीजवळ खोल, समोर उथळ. पावसाने तलाव भरे; धानाची लोंबी भरताना पाऊस दडी मारी तेव्हा तुडूम उघडून पाणी बांध्यांत जाई. दिवाळीनंतर पाणी मागे सरू लागे आणि ओला, उथळ काठ उघडा पडे. उत्तरेकडून हिमालय ओलांडून येणारी बदके नेमकी त्याच सुमारास उतरत. कोहळ्यांनी हे पक्ष्यांसाठी केले नव्हते. धानासाठी केलेल्या कामातून पक्ष्यांचे ताट आपोआप वाढले गेले. उन्हाळ्यात काठावर गुरे चरत, लोक गाळ काढून शेतात नेत, ढिवर मासे धरत आणि कंद खणत. भरतपूरच्या म्हशींचे काम येथे सारे गावच करीत होते.

मालगुजारीचे आम्ही गोडवे गात नाही. वेठबिगार काय असते हे आमच्या वाडवडिलांनी सोसले आहे. कायदा 1950 चा. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारांचे हक्क संपले, तो दिवस चांगलाच होता. पण त्या दिवशी तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखभाल कोणाची, हा प्रश्न अधांतरी राहिला. मालक गेला, आणि ज्याच्या घामाने तलाव टिकत होता त्याच्या हाती तो आला नाही. पाळी खचल्या, तुडूम गळू लागले, काठावर बेशरमाची झुडपे माजली. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, तिला येथे गुरेही तोंड लावत नाहीत.

याच काळात मत्स्योत्पादन वाढवण्याची मोहीम आली. हेतू वाईट नव्हता. देशाला अन्न हवे होते. चीनकडील गवत्या मासा 1959 मध्ये भारतात आणला गेला, त्याचा गुणच असा की तो पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस मासा तळ उकरून मुळे उपटतो. असे मासे तलावातलाव सोडले गेले. आता पाहा, ज्या वनस्पतीवर बदक जगते, जिच्या पानांवर कमळपक्षी चालतो, जिच्या आडोशाला मरळ आणि शिंगी अंडी घालतात, ती नाहीशी झाली. पहिली काही वर्षे उत्पादन वाढलेले दिसले. पुढे दरसाल बी विकत आणून सोडल्याखेरीज ढिवराला मासळी मिळेना. पाण्यावर बदके उतरत नाहीत आणि ढिवराचे जाळे रिकामे येते, या दोन बातम्या नव्हेत. एकच बातमी आहे.

या पडझडीच्या काळातही ज्ञान मेले नव्हते. नवेगावला माधवराव पाटील डोंगरवार नावाचे गृहस्थ होते. रान, पाणी आणि पक्षी यांची त्यांची जाण अशी, की लोक त्यांना अरण्यपुत्र म्हणत. वनखात्यातले मारुती चितमपल्ली तेथे नोकरीस आले आणि त्यांना हा गुरू भेटला. सोलापूरच्या गिरणगावातून आलेला हा अधिकारी माधवरावांबरोबर, गोंडांबरोबर, ढिवरांबरोबर हिंडला. त्यांच्या तोंडची पक्ष्यांची नावे त्याने टिपली आणि मराठीत आणली. 2002 सालचा त्यांचा 'पक्षिकोश' उघडला की त्यामागे किती अनाम माणसे उभी आहेत ते जाणवते. 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. चितमपल्ली 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 18 जून 2025 रोजी गेले. त्यांची विद्या मोठी खरीच, पण ती घेण्यासाठी ते अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या माणसांसमोर बसले, याचे मोल आम्हांला त्याहून अधिक वाटते.

हाच धागा पुढे मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी उचलला. ढिवरांना त्यांनी विचारले, की पूर्वी तलावात काय काय होते? वृद्धांनी वनस्पतींची आणि मासळीची नावे सांगितली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर, कोणता मासा तिच्यात काय करतो, हे सांगितले. मग अर्जुनी-मोरगावच्या परिसरात ढिवरांच्या सहकारी संस्थांनी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली, कोरड्या तळाचा भाग नांगरला आणि चांगल्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. बायांचे गट त्यात पुढे होते. तलाव नांगरायचा, हे प्रथम ऐकणाऱ्याला वेडेपणाचे वाटते. पण घट्ट बसलेल्या तळात मूळ धरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. वनस्पती आली, तिच्यामागून किडे व गोगलगायी, मग देशी मासे, आणि मग पक्षी.

येथे एक तक्रार नोंदवतो. गाळ काढण्याच्या योजना अलीकडे जोरात आहेत आणि शेताला गाळ मिळतो हे उत्तमच. पण यंत्र लावून काठापासून सरळ खोल खणले की उथळ पट्टा जातो, आणि तलावाची विहीर होते. घनमीटर मोजणाऱ्याच्या वहीत या पट्ट्यासाठी रकाना नाही.

शेवटी सारसाविषयी. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. वैनगंगेपलीकडे बालाघाटकडेही त्याची वस्ती आहे. नर-मादी पावसाळ्यात पाणथळीत किंवा थेट धानाच्या बांधीत काड्यांचे घरटे रचतात आणि बहुधा दोन अंडी घालतात. धान तुडवला जातो म्हणून शेतकरी पूर्वी अंडी उचलून टाकत. 'सेवा' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांशी बोलून हे पुष्कळ कमी केले. दर उन्हाळ्यात ते पहाटे निरनिराळ्या जागी एकाच वेळी उभे राहून सारस मोजतात. संख्या काही डझनांतच आहे. विजेच्या तारा आणि शेतातली विषारी औषधे हे आजचे मोठे धोके. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये या पक्ष्याची दखल स्वतःहून घेतली.

सारसाचे घरटे ज्याच्या बांधीत असते तो बहुधा एक-दोन एकरांचा धनी असतो. घरट्याभोवतीचा धान त्याने सोडून द्यावा, असे आपण शहरातले लोक फार सहज म्हणतो. एका अशा शेतकऱ्याने आम्हांला विचारले, "पाखरू सरकारचं, पाहनारे तुमी, अन् धान माजा?" संघटनेतल्या सवयीने आम्ही लगेच वही काढली आणि किती आळ्यांचे नुकसान झाले ते त्याच्याबरोबर बांधावरून फिरून मोजले. ते मोजत असताना दोन्ही सारस पाण्यात उभे राहून आमच्याकडे पाहत होते. मादी अंड्यांवरून उठली होती. तो शेतकरीच म्हणाला, "चाला भाऊ, बस झालं. अंडे थंड होतीन."