ताऱ्यांपासून घोट्यापर्यंत

मोहालीकरांना अर्धवाहकांची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली चिपांचे उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या आगीत कारखाना होरपळला व पुढे पुन्हा उभा राहिला. असल्या चिपांमुळेच एके काळी मेज व्यापणारी यंत्रे मुठीत मावू लागली. डॉक्टर घोट्याशी लेखणीएवढी कांडी टेकवून रक्ताचा प्रवाह ऐकतात, ते डॉप्लर यंत्र त्यांपैकीच एक. त्याचा इतिहास मात्र मोहालीपासून, किंबहुना वैद्यकापासूनही, फार दूर सुरू होतो.

२५ मे १८४२ रोजी प्राग येथील विद्वत्सभेत ख्रिश्चन डॉप्लर याने जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. तारा जवळ येताना वा दूर जाताना त्याच्या प्रकाशाचा रंग पालटतो, असे त्याचे म्हणणे. ताऱ्याचा रंग मुख्यत्वे तापमानावर ठरतो, तेव्हा उदाहरण चुकले. तत्त्व मात्र खरे निघाले. १८४५ साली हॉलंडात बॉइज बॅलॉट याने आगगाडीत चक्क तुतारीवाले बसवून ते पारखले. गाडी जवळ येताना स्वर चढे, दूर जाताना उतरे. चुकीच्या उदाहरणातून बरोबर नियम हाती लागावा, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

रक्ताची पाळी शतकाने आली. ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी १९५७ साली हृदयाची हालचाल श्राव्यातीत ध्वनीने तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६१ त सिअॅटल येथील फ्रँकलिन व सहकाऱ्यांनी रक्ताकडून परतणाऱ्या ध्वनीवरून प्रवाहाचा वेग मोजला. कांडीतील स्फटिक सेकंदाला ८० लक्ष कंपने सोडतो. वाहत्या तांबड्या पेशींवरून ती परततात तेव्हा त्यांची संख्या किंचित बदललेली असते. रक्त सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल व कांडी ६० अंशांत धरली असेल, तर हा फरक सुमारे २,६०० कंपनांचा भरतो, म्हणजे नेमका माणसाच्या कानाच्या टप्प्यात. म्हणून या यंत्राला पडदा लागत नाही, कान पुरतो.

मधुमेह्याच्या सुजलेल्या पावलावर बोटांना नाडी लागत नाही, तेथे त्याची खरी कसोटी. दंडाचा व घोट्याचा रक्तदाब घेऊन दुसऱ्याला पहिल्याने भागतात, उत्तर ०.९ हून कमी आले, तर धमनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. परंतु जुन्या मधुमेहात धमनीची भिंत चुन्याने कडक होते, पट्ट्याने ती दबत नाही, आणि आकडा खोटा चांगला येतो. आकडा पाहून फाइल बंद करण्याची आम्हां सरकारी माणसांची सवय येथे घातक ठरते. निरोगी धमनी प्रत्येक ठोक्याला दोन-तीन तुकड्यांत, खणखणीत बोलते. अरुंद धमनीचा एकच लांबट, मंद सुस्कारा ऐकू येतो. जखम महिनोन्‌महिने का भरत नाही, याचे कारण पुष्कळदा त्या सुस्काऱ्यातच सापडते, आणि पाऊल वाचविण्यास अवधी असतानाच सापडते.